आधी सांधे मोजा

जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तेव्हापासून 'आता औषध तुमच्या जनुकांप्रमाणे' या थाटाचे मथळे काही थांबत नाहीत, आणि त्यांत आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, उदाहरण हमखास येतं. ते साहजिकच आहे. या आजारात जे औषध एकीला पुन्हा पोळ्या लाटायला लावतं, तेच दुसरीच्या बोटांची सूज तसूभर हलवत नाही, आणि असं का होतं हे डॉक्टरला आधी सांगता येत नाही. मग वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लाळेचा नमुना द्या, कोणतं औषध लागू पडेल ते कळेल, अंदाजपंचे उपचारांचे दिवस संपले. दुसरी म्हणते, हा लॅबवाल्यांचा धंदा आहे, जनुकांचं खूळ आहे, आणि तसंही प्रकृती बघून औषध द्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दोन्हीकडचा आवाज मोठा आहे. पण औषध 'लागू पडणं' म्हणजे नेमकं काय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. आमवाताचं औषध निवडण्यासाठी जनुकचाचणी आज विकू नये आणि कोणी विकत घेऊ नये. यावरून जनुकं बिनमहत्त्वाची आहेत असा अर्थ कोणी काढला तर तो मला मान्य नाही. काही औषधांच्या दुष्परिणामांबाबत एका जनुकातला बदल जिवावर बेततो, आणि तिथे चाचणी न करणं हा हलगर्जीपणा आहे. पण गुण येईल की नाही याचं भाकीत करणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी आधी गुण आला की नाही हे नीट मोजावं लागतं, लिहावं लागतं. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांच्या केसपेपरवर ते लिहिलेलंच नसतं. 'बरं वाटतंय', 'तेवढाच त्रास', 'गोळ्या चालू ठेवा' एवढ्यावर काम भागतं. या नोंदींतून कोणतं जनुक काय शिकवणार?

चाचणीच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा आधी मान्य करू. आमवातात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण ६० टक्के धरतात. पीटर ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या ज्या प्रकारांनी आमवाताचा धोका वाढतो, त्या सगळ्यांत अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा सारखा असतो. २०१४ पर्यंत आमवाताशी जोडलेल्या जनुकसंचातल्या जागांची संख्या शंभरावर गेली. त्यांतल्या काही जागा थेट औषधांकडे बोट दाखवतात. सीटीएलए-४ या रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाजवळ धोक्याचा बदल सापडतो आणि अ‍ॅबाटासेप्ट हे औषध त्याच प्रथिनापासून बनवलेलं आहे. आयएल-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहकाचं, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरचं, जनुक यादीत आहे आणि टोसिलिझुमॅब हे औषध त्याच ग्राहकाला अडवतं. म्हणजे कोणत्या दिशेने औषध शोधावं हे सांगायला जनुकशास्त्र उत्तम आहे, यात वाद नाही. मग जे शास्त्र आजाराचं मूळ सांगतं, औषधाचं लक्ष्य सांगतं, ते अमुक रुग्णाला अमुक औषध लागू पडेल की नाही हे का सांगू शकणार नाही?

कारण हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आजार का झाला याचं उत्तर आजार कशाने उतरेल याचं उत्तर असेलच असं नाही. मुळात पहिल्या प्रश्नातही जनुकांची सत्ता वाटते तेवढी निरंकुश नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता ब्रिटनमधल्या अभ्यासात १५ टक्क्यांच्या आसपास निघाली. जनुकसंच तोच, तरी बाकीचे ८५ टक्के सुटले. औषधाच्या गुणाबद्दल तर चित्र आणखी विरळ आहे. टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं, म्हणजे इन्फ्लिक्झिमॅब, एटानरसेप्ट, अ‍ॅडालिमुमॅब, साधारण एक तृतीयांश रुग्णांत पुरेशी चालत नाहीत. हे आधी ओळखता येईल का, यावर एक खुली स्पर्धा झाली. ७३ संशोधकगटांनी उपलब्ध असलेली सर्वात मोठी माहिती घेऊन, हाताशी असलेली प्रत्येक गणिती युक्ती वापरून अंदाज बांधले. २०१६ मध्ये निकाल छापून आला. वय, लिंग, आजाराची सुरुवातीची तीव्रता, सोबत चालू असलेलं मेथोट्रेक्झेट हे जुनं औषध, या साध्या गोष्टींनी जेवढं सांगता येतं, त्यात जनुकांच्या माहितीने दखल घेण्याजोगी काहीच भर घातली नाही. ही स्पर्धा जनुकांच्या विरोधकांनी भरवली नव्हती. ज्यांना उत्तर 'हो' यावं असं वाटत होतं, त्यांचंच उत्तर 'नाही' आलं.

त्याच निकालात एक आकडा आहे आणि तो चाचणीच्या बाजूने आहे. गुण न येण्यातली सुमारे १८ टक्के तफावत आनुवंशिक असावी, असा अंदाज त्यांनीच काढला होता. म्हणजे जनुकांचा हात आहे, पण तो अनेक ठिकाणी, बारीक बारीक पसरलेला आहे. हाती धरावं असं एक जनुक नाही. आणि इथेच मोजमापाचा प्रश्न येतो, जो या सगळ्या वादात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

आमवाताची तीव्रता जगभर ज्या मापाने मोजतात, त्याला डास-२८ म्हणतात. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे असे २८ सांधे. पावलं त्यात नाहीत, आणि आमवात कित्येकदा पावलांपासूनच सुरू होतो, हा त्या मापाचा दोष अनेक वर्षं बोलला जातो आहे. त्या २८ पैकी किती दाबल्यावर दुखतात, किती सुजलेत, ईएसआर किंवा सीआरपी ही रक्तातली दाहाची मापं किती, आणि रुग्णाच्या मते एकूण तब्येत कशी, या चार गोष्टींचं मिळून एक गणित होतं. यातल्या दोन गोष्टी रुग्णाच्या सांगण्यावर चालतात. नैराश्य असेल, रात्री झोप नसेल, फायब्रोमायल्जिया हा अंगभर दुखण्याचा आजार असेल, घरात कटकट असेल, तर सांध्यातली आग विझली तरी आकडा खाली येत नाही. टीएनएफविरोधी औषधांच्या गुणाची आनुवंशिकता या चार घटकांत वेगवेगळी करून पाहिली तेव्हा सूज आणि ईएसआर यांतल्या बदलांत ती ठळक दिसली. दुखऱ्या सांध्यांच्या मोजणीत आणि रुग्णाने स्वतः दिलेल्या गुणांकात ती जवळजवळ हरवली. याचा अर्थ काय? जनुकं ज्याच्याशी बोलतात ती गोष्ट आपण मोजतो आहोत, पण त्यात इतर बऱ्याच गोष्टी मिसळून. ढोबळ मापाने घेतलेला गुण आणि अतिसूक्ष्म मापाने वाचलेलं जनुक यांची सांगड घालायची, आणि ती लागली नाही की आणखी दहा हजार जनुकं वाचायची, असा हा उद्योग चालला आहे.

आता मेथोट्रेक्झेटकडे वळू. आमवाताचं पहिलं, स्वस्त आणि आजही सर्वात महत्त्वाचं औषध हेच. त्याची गोष्ट आपल्या परळपर्यंत येते. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, हाफकिन संस्थेत काम करू लागली, आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. त्या काळात असल्या आजारांचं खापर जंतूवर किंवा 'देशी' शरीरावर फोडणं सोपं होतं. तिने बायकांच्या ताटात पाहिलं. यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजे फोलेट, ब गटातलं एक जीवनसत्त्व. पुढे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फोलिक आम्ल बनवलं, मग त्याला अडवणारी द्रव्यं बनवली. सिडनी फार्बर यांनी त्यांतलं एक रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध केले. १९५१ मध्ये त्याच जातीचं औषध आमवाताच्या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं, आणि अमेरिकेत मेथोट्रेक्झेटला आमवातासाठी अधिकृत मान्यता मिळायला १९८८ साल उजाडलं. (मधली सदतीस वर्षं कुठे गेली? बरीचशी स्टेरॉइडच्या कौतुकात. ती वेगळी कथा.)

हे औषध फोलेटच्या वाटेवर काम करतं, म्हणून त्या वाटेवरची जनुकं तपासायची ही कल्पना तर्काला धरून होती. एमटीएचएफआर हे त्यांतलं सर्वात प्रसिद्ध. त्याच्या ६७७ क्रमांकाच्या जागेवरचा बदल असलेल्यांना मेथोट्रेक्झेटचा त्रास जास्त होतो असं एका अभ्यासात दिसलं, दुसऱ्यात दिसलं नाही, तिसऱ्यात उलट दिसलं. सगळे अभ्यास एकत्र करून केलेली विश्लेषणंही एकमेकांशी भांडतात. पुण्यातही भारतीय रुग्णांत या वाटेवरच्या जनुकांचा चांगला अभ्यास झाला आहे. एकेक जनुक न निवडता संपूर्ण जनुकसंच चाळून पाहिला, सुमारे १,४०० नव्या रुग्णांत, तेव्हा २०१८ च्या त्या अहवालात एकही जागा सांख्यिकीच्या कडक कसोटीला उतरली नाही. तरीही जनुकचाचण्यांच्या बाजारात एमटीएचएफआर हे नाव आजही डोकावतं, मेथोट्रेक्झेटबद्दलच्या सल्ल्यासकट.

हे अभ्यास जुळत का नाहीत? मला वाटतं विल्सबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जिथे पाहिलं, तिथेच पाहायला हवं. अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठात फोलिक आम्ल मिसळणं सक्तीचं आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण मेथोट्रेक्झेटसोबत फोलिक आम्लाची पाच मिलिग्रॅमची गोळी सर्रास दिली जाते. शिवाय आपला निम्मा प्रश्न फोलेटचा नाहीच, बी-१२ चा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांत बी-१२ तपासलं तेव्हा दोन तृतीयांश लोकांत ते कमी निघालं. खेड्यातही आणि शहरातही. बी-१२ नसेल तर फोलेटची सगळी वाट तुंबते, मग एमटीएचएफआरचा प्रकार कोणताही असो. अशा शरीरात मेथोट्रेक्झेट जे करतं ते स्वीडनमधल्या मासे खाणाऱ्या, किंवा अमेरिकेतल्या पीठ-फोलेटवाल्या शरीरात करतं त्यासारखंच असेल, असं धरून चालायचं तरी कसं? जनुकाचा परिणाम ताटावर अवलंबून असेल, तर ताट न विचारता केलेली जनुकचाचणी अर्धवटच राहणार. आणि बी-१२ ची तपासणी जनुकचाचणीपेक्षा खूप स्वस्त पडते.

यावर एक गंभीर उत्तर आहे, आणि ते हलक्यात घेता येणार नाही. आमवातात वेळ फार मोलाचा असतो. पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची झीज सुरू होते आणि झिजलेलं परत येत नाही. एक औषध तीन-सहा महिने देऊन पाहायचं, नाही चाललं तर दुसरं, मग तिसरं, या खेळात बोटं वाकडी होतात. म्हणून अर्धवट का होईना, पण आधी काहीतरी सांगणारी चाचणी हवीच, असं हा मुद्दा म्हणतो. वेळ दवडता कामा नये, हे शंभर टक्के खरं. पण वेळ खरंच कुठे जातो? ग्लासगोत झालेल्या आणि २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत ११० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना जुनीच, स्वस्त औषधं होती. एका गटाला नेहमीसारखं बोलावलं. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले, आकडा ठरावीक रेषेखाली नसेल तर त्याच भेटीत औषध वाढवलं किंवा सूज असलेल्या सांध्यात इंजेक्शन दिलं. दीड वर्षानंतर आजार पूर्ण आटोक्यात आलेले पहिल्या गटात १६ टक्के होते आणि दुसऱ्यात ६५ टक्के. जनुकं तीच, औषधंही तीच. फरक पडला तो मोजल्याने आणि मोजून हात आखडता न घेतल्याने. जगातल्या कोणत्याही जनुकचाचणीने आमवातात याच्या जवळपास जाणारा फरक दाखवलेला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी राहणारी आमवाताची रुग्ण वेळ कुठे घालवते ते पाहा. आधी 'कामाने दुखतंय' म्हणून अंगावर काढते. मग गावातल्या पुडीवाल्याकडे जाते. त्याच्या पुडीत कित्येकदा स्टेरॉइड असतं, त्यामुळे चार दिवसांत उतार पडतो आणि त्याची कीर्ती वाढते. मग हाडांचे डॉक्टर, वेदनाशामक, 'आरए फॅक्टर' ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह यावर दोन महिने. अखेर कोणी मेथोट्रेक्झेट लिहून देतं, तर शेजारीण मोबाइलवर शोधून सांगते की हे कर्करोगाचं औषध आहे, आणि गोळी बंद होते. किंवा त्याहून वाईट: आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली जाते आणि तोंड फुटून, रक्तपेशी घटून रुग्ण दवाखान्यात दाखल होते. या वाटेवर जनुकाने वाया घालवलेले महिने किती, आणि आपण सगळ्यांनी मिळून घालवलेले किती? तंबाखूबद्दलही कुणी विचारत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत मेथोट्रेक्झेट आणि टीएनएफविरोधी औषधं कमी चालतात हे स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

अर्धवट चाचणीही काही न करण्यापेक्षा बरी, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. समजा, एक औषध शंभरांतल्या ७० जणींना लागू पडतं. समजा, एका चाचणीने ३० जणींवर 'चालणार नाही' असा शिक्का मारला आणि त्यांच्यापैकी खरोखर १२ जणींना ते चाललं नसतं, म्हणजे अंदाज शंभरांत ३० या सरसकट प्रमाणापेक्षा बरा. तरी उरलेल्या १८ जणींना चाललं असतं असं औषध कागदाच्या एका ओळीमुळे नाकारलं गेलं. विमा कंपनीला किंवा खर्च वाचवू पाहणाऱ्या यंत्रणेला ती ओळ फार आवडेल. प्रत्यक्षात औषध देऊन बारा आठवड्यांनी सांधे मोजणं, ही कितीही जुनाट वाटली तरी या चाचणीपेक्षा सरस चाचणी आहे.

अर्धं खरं तत्त्व घाईने बाजारात आणल्याचं एक उदाहरण याच आजाराच्या इतिहासात पडलेलं आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी असा सिद्धांत रुजवला की शरीराच्या कोपऱ्यात लपलेला जंतुसंसर्ग सांधे सुजवतो. कल्पना मोहक होती, आधुनिक होती, प्रयोगशाळेचा शिक्का तिच्यावर होता. मग आमवाताच्या हजारो रुग्णांचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. काहींचे तर सगळे दात. रसेल सेसिल हे न्यूयॉर्कचे डॉक्टर या सिद्धांताचे एक नामवंत समर्थक होते. त्यांनीच १९३८ मध्ये २०० रुग्णांचा हिशेब मांडून दाखवलं की फायदा काही झालेला नाही. गंमत अशी की आज हिरड्यांतल्या एका विशिष्ट जिवाणूचा आमवाताच्या सुरुवातीशी संबंध असावा, असे पुरावे पुढे येत आहेत. म्हणजे बिलिंग्जचा अंदाज पार चुकीचा नव्हता. तरी उपटलेले दात फुकटच गेले. कारणाचा धागा हाती लागणं आणि उपचार हाती लागणं यात किती अंतर असू शकतं, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता जनुकं जिथे जिंकतात ते मान्य करायचं राहिलं. एचआयव्हीवरच्या अ‍ॅबाकाविर या औषधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी एचएलए-बी*५७:०१ हा प्रकार असलेल्यांनाच होते. २००८ मध्ये जवळपास दोन हजार रुग्णांच्या चाचणीत आधी जनुक तपासलेल्या गटात खात्रीशीर अ‍ॅलर्जीचा एकही रुग्ण निघाला नाही. आपल्या विषयाजवळचं उदाहरण अ‍ॅझाथायोप्रिनचं. आमवातात ते आता मागे पडलं आहे, पण ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारात आणि इतर अनेक सांधेविकारांत अजून वापरलं जातं. काही रुग्णांत ते पांढऱ्या पेशी अचानक तळाला नेतं. युरोपात याचं कारण टीपीएमटी हे जनुक म्हणून ओळखलं गेलं आणि तपासणी सुरू झाली. आशियात मात्र टीपीएमटी ठीक असलेल्या रुग्णांच्याही पेशी कोसळत होत्या, केस झडत होते. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एनयूडीटी-१५ हे दुसरं जनुक शोधून काढलं. त्याचे बदल भारतीयांतही टीपीएमटीपेक्षा जास्त आढळतात. औषध-जनुक मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीत त्याची भर पडली. माझ्या मते अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करण्यापूर्वी ही एक तपासणी सरकारी रुग्णालयातही मोफत व्हायला हवी. जिथे पैसा खर्च करायचा तिथे करावा.

पण इथे यश का मिळालं ते नीट पाहिलं पाहिजे. अ‍ॅझाथायोप्रिनच्या बाबतीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, तो औषधाची विल्हेवाट लावतो, तो अधू असेल तर औषध साचतं आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा मार खाते. पेशी मोजता येतात, आकडा खोटं बोलत नाही. गुण येण्याचा मामला असा नाही. त्यात औषध शोषलं जाणं आहे, रोगप्रतिकारशक्तीच्या पन्नास साखळ्या आहेत, आजार किती जुना हे आहे, रुग्ण गोळी घेते की नाही हे आहे. एका ठिकाणचं यश दाखवून दुसरीकडचा माल विकणं, ही या व्यवहारातली खरी लबाडी. अ‍ॅबाकाविरचा दाखला देऊन मेथोट्रेक्झेटचा अहवाल विकला जातो.

एनयूडीटी-१५ ची गोष्ट मात्र चाचणीवाल्यांच्या आणखी एका मुद्द्याला बळ देते: युरोपीय रुग्णांत काही सापडलं नाही म्हणून भारतीयांत सापडणार नाही, असं कसं म्हणता? खरंच म्हणता येत नाही. आपल्या जनुकांची विविधता इतकी आहे की इथे शोध घेतलाच पाहिजे. पण याच मुद्द्याची दुसरी धार बघा. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा जनुकांवरून ठरवण्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०१३ मध्ये एकदमच प्रसिद्ध झाल्या. युरोपातल्या चाचणीत थोडा फायदा दिसला. अमेरिकेतल्या चाचणीत फायदा नाही, आणि तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांत तर जनुकांवरून ठरवलेली मात्रा साध्या अंदाजापेक्षा वाईट ठरली, कारण त्यांच्यात महत्त्वाचे असलेले बदल त्या सूत्रात नव्हतेच. दुसऱ्यांच्या शरीरांवर बेतलेलं सूत्र आपल्याला लावलं तर ते निरुपयोगी ठरतं, एवढंच नाही, नुकसानही करू शकतं. आपल्या लोकांचा अभ्यास झालेला नाही, हे संशोधनासाठी पैसे मागण्याचं कारण आहे. तेच चाचणी विकण्याचं कारण कसं होईल?

जन्मजात जनुकांपेक्षा सुजलेल्या सांध्यात त्या घडीला कोणती जनुकं जागी आहेत हे पाहावं, ही दिशा मला अधिक आशेची वाटते. २०२१ मध्ये युरोपातल्या एका चाचणीत गुडघ्या-मनगटाच्या अस्तराचा तुकडा काढून त्यातल्या बी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पेशींचा, माग घेतला. आरएनएच्या, म्हणजे जाग्या जनुकांच्या नकलांच्या, मोजणीनुसार ज्यांच्यात बी-पेशी तुरळक होत्या, त्यांच्यात टोसिलिझुमॅबने ६३ टक्के आणि बी-पेशींना मारणाऱ्या रिटुक्सिमॅबने ३६ टक्के रुग्णांना गुण आला. फरक मोठा. पण त्याच गटाने पुढे वेगळ्या, बायोलॉजिक (टीएनएफविरोधी इंजेक्शनांसारखी, सजीव पेशींत बनवलेली औषधं) न घेतलेल्या रुग्णांत तीच कल्पना तपासली तेव्हा ती पक्की झाली नाही. प्रामाणिक संशोधन असंच पुढेमागे होत चालतं. ते चालू द्यावं, त्याचं पॅकेज करू नये.

आणि 'सगळा धंदा आहे' म्हणणाऱ्यांनो, तुमचंही चुकतंय. धंदा बायोलॉजिक इंजेक्शनांतही आहे, म्हणून ती खोटी ठरत नाहीत. प्रश्न पुराव्याचा आहे. मेथोट्रेक्झेट पुरत नाही अशा ३५३ रुग्णांत २०१३ मध्ये एका बाजूला एटानरसेप्ट आणि दुसऱ्या बाजूला सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी जोड देऊन पाहिली. मेथोट्रेक्झेट धरून झालेलं हे स्वस्त त्रिकूट कमी पडलं नाही. महागडं इंजेक्शन वाया जाऊ नये म्हणून चाचणी करा म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की त्रिकूट पुऱ्या मात्रेत, पुरेसे महिने दिलं होतं का. धंद्याविरुद्ध असा आकडा मांडता येतो, नुसती शिवी कशाला?

प्रकृतीचा दाखला देणाऱ्यांनाही हीच कसोटी. आमवाताचं वर्णन माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आहे, रुग्णागणिक उपचार बदलावा ही दृष्टीही जुनी आहे, दोन्ही मान्य. प्रकृतीनुसार केलेल्या वर्गवारीने कोणाला कोणता उपचार लागू पडेल हे अधिक चांगलं सांगता येतं का, हे मात्र मोजूनच ठरेल. आणि ते मोजता येतं. कोइमतूरला ४३ रुग्णांत केलेल्या आणि २०११ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत आयुर्वेदिक वैद्यांना रुग्णागणिक औषधं बदलण्याची मोकळीक होती, तरी कोणाला आयुर्वेदिक आणि कोणाला मेथोट्रेक्झेट मिळतंय हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांना कळू दिलं नव्हतं. चाचणी लहान होती, तिच्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण 'आमचा उपचार वैयक्तिक आहे, त्याची चाचणी होऊ शकत नाही' ही सबब त्या चाचणीने निकालात काढली. तीच सबब आता जनुकचाचणीवाले वापरतात, हे दोन्ही बाजूंना गमतीचं वाटायला हरकत नाही.

राहता राहिला जीनोम इंडियाचा खजिना. त्यातले नमुने निरोगी लोकांचे आहेत. कोणाला मेथोट्रेक्झेट दिलं, किती दिलं, बारा आठवड्यांनी किती सांधे सुजलेले राहिले, यातलं काही त्यात नाही, आणि ते असावं अशी त्या प्रकल्पाची कल्पनाही नव्हती. ती दुसरी बाजू ओपीडीत तयार व्हावी लागेल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीचं सर्वेक्षण सुरू झालं, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, तेव्हा खेड्यातही हे काम शिस्तीने होतं हे सिद्ध झालं होतं. सांधे मोजायला पाच-सात मिनिटं लागतात, प्रशिक्षित परिचारिका ते करू शकते, त्याला यंत्र लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सांधेविकार ओपीडींनी प्रत्येक आमवात रुग्णाचे २८ सांधे दर तीन महिन्यांनी मोजून, मात्रा, बी-१२, तंबाखू आणि गोळ्या प्रत्यक्ष घेतल्या का एवढं लिहून ठेवलं आणि सोबत रक्ताची एक नळी संमतीने गोठवून ठेवली, तर पाच वर्षांत भारतीय जनुकांना विचारण्याजोगा प्रश्न तयार होईल. तोवर लाळेच्या डबीसोबत येणाऱ्या अहवालात 'मेथोट्रेक्झेट: प्रतिसाद कमी' असं छापलेलं असेल, तर ते वाचून कोणी गोळी बंद करू नये.